खुर्चीवरून उठताना

पारनेरच्या दवाखान्यात म्हातारं माणूस स्वतःचं दुखणं घेऊन क्वचितच येतं. आजी येते ती नातवाच्या खोकल्यासाठी. नाना येतात ते ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या म्हणून, शिवाय बाजारही करायचा असतो म्हणून. डॉक्टरांनी “आणि तुमचं काय, आजी?” असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, “मला काय होतंय? वय झालं आता.” बहुतेक ठिकाणी बोलणं इथं संपतं. मुरलेला जनरल प्रॅक्टिशनर मात्र चिठ्ठी लिहिता लिहिता सहज विचारतो, “दिवाळीपासून कुठं पडलाबिडलात का?”

मग हळूहळू निघतं. न्हाणीपाशी पाय घसरला होता, रात्रीची वेळ होती. कुणाला सांगितलं नाही. मुंबईच्या मुलाला कळलं तर तो कामधंदा सोडून येईल, नाहीतर उचलून तिकडं नेईल, आणि तिकडच्या खोलीत करमत नाही. पारनेर हा पर्जन्यछायेतला तालुका. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबई गाठत आली. अलीकडे पुणं आणि सुप्याची एमआयडीसीही आहे. घर, गोठा आणि कांद्याचं वावर सांभाळायला मागं राहतात ती साठी-सत्तरीतली माणसं. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के.

म्हातारी माणसं दुखणं लपवतात, हा काही आपल्याच मातीचा गुण नव्हे. १९६४ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात डॉ. जेम्स विल्यमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन जनरल प्रॅक्टिसमधल्या २०० वृद्धांची घरी जाऊन तपासणी केली. सापडलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारींचा त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना पत्ताच नव्हता. हृदय आणि फुप्फुसाचे आजार बऱ्यापैकी माहीत होते. राहून गेलं होतं ते पायांचं दुखणं, लघवीचा त्रास, चालण्याची अडचण, विसरभोळेपणा. तिथं डॉक्टरकडे जायला पैसे पडत नव्हते, तरी ही स्थिती.

आपल्याकडचा पुरावा पारनेरला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातच मिळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचं काम वढू बुद्रुक परिसरात वर्षानुवर्षं चालू आहे. २००७च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या एका मोठ्या अभ्यासात तिथल्या पन्नाशीपुढच्या गावकऱ्यांना विचारलं गेलं, की तुमची तब्येत कशी आहे असं तुम्हाला वाटतं? बायकांनी पुरुषांपेक्षा वाईट सांगितली. पुढं या लोकांची नोंद ठेवल्यावर दिसलं, की तब्येत वाईट म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाणही जास्त होतं. एका साध्या प्रश्नाला एवढं वजन असेल, तर तो विचारून उत्तराला थांबायला हवं. आपल्याकडे “कसं काय, बरं आहे ना?” असं विचारतात आणि ‘बरं आहे’ हे उत्तर प्रश्नातच देऊन टाकतात.

हातात यंत्र न घेता करता येणारी तपासणी बाकापासूनच सुरू होते. आजीचं नाव पुकारलं की अनुभवी डॉक्टर मान वर करून पाहतो, ती बाकावरून उठते कशी. दोन्ही हात बाकावर रेटते, एकदा झोका घेते, उठते, क्षणभर थांबते, मग भिंतीला बोटं लावत आत येते. एवढ्यात मांड्यांची ताकद, गुडघे, तोल आणि नजर या चारही गोष्टींचा अंदाज येतो. खात्री करायची तर हात छातीशी घेऊन पाच वेळा उठायला-बसायला सांगायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे १४ सेकंदांत ते जमायला हवं. दुसरी रीत म्हणजे खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. भिंतीवरचं घड्याळ आणि फरशीवरची खडूची रेघ, एवढ्यावर हे भागतं.

त्यानंतर चपला काढायला सांगायच्या. इथं आजी संकोचते, “पाय घाण आहेत ओ डॉक्टर.” पाहायचं असतं नेमकं तेच. नखं वाढून आत वळलेली असतात, कारण वाकता येत नाही आणि सुनेला सांगायची लाज वाटते. साखरेच्या रोग्याला तळव्याला काटा टोचल्याचं कळलेलं नसतं. चप्पल एका बाजूने झिजलेली असते, म्हणजे पाऊल कुठं पडतं तेही समजतं. अशा पायांनी ती रोज शेणाने सारवलेल्या ओट्यावरून गोठ्यात जाते.

औषधांच्या पिशवीचा प्रकार आणखी निराळा. “घरात आहेत तेवढ्या गोळ्या पुढच्या खेपेला घेऊन या,” असं सांगितलं की नाना खरोखरच पिशवी रिकामी करतात. पारनेरच्या डॉक्टरची ब्लडप्रेशरची गोळी, नगरच्या स्पेशालिस्टने दिलेली तीच गोळी दुसऱ्या नावाने, मुलाने मुंबईहून आणलेली गॅसची, झोपेची एक, आणि मेडिकलमधून कागदात बांधून घेतलेल्या सुट्या गोळ्या, ‘कंबरेच्या’. कंबरेची ती गोळी म्हणजे बहुधा वेदनाशामक असते. ती रोज घेतली तर रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडं दुखावतात. रक्तदाब वाढला म्हणून त्याचं औषध वाढतं आणि एका गोळीने दुसरी ओढून आणलेली असते. कोणतीही नवी तपासणी न करता दोन गोळ्या बंद करणं हेही म्हाताऱ्या माणसासाठी प्रतिबंधक उपचारच आहे.

रक्तदाब बसल्या जागी मोजून भागत नाही. पाच मिनिटं पडून राहिल्यावर एकदा, मग उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर पहाटे लघवीला उठताना डोळ्यांपुढं अंधारी का येते याचा उलगडा होतो. प्रोस्टेटच्या काही औषधांनीही असं होतं. न्हाणीपाशी पडलेल्या कित्येकांचा पाय घसरण्याआधी रक्तदाब घसरलेला असतो.

कान तपासायचा तर मागून, हातभर अंतरावरून कुजबुजत चार शब्द बोलायचे आणि ते म्हणायला लावायचे. पुष्कळदा नुसता मळ निघतो आणि ‘आजी हल्ली कुणाशी बोलत नाही’ या तक्रारीवर तिथल्या तिथे उपाय होतो. स्मरणशक्तीची परीक्षा अवघड, कारण परदेशी चाचण्यांत वाचा, लिहा, घड्याळ काढा असं असतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला त्यात नापास करणं अन्यायाचं आहे. हरियाणातल्या बल्लभगड भागात निरक्षर वृद्धांसाठी हिंदीतून बेतलेली चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली ती याच अडचणीतून. पारनेरचा डॉक्टर तारीख विचारण्याऐवजी पोळा होऊन गेला की यायचाय ते विचारतो. बाजरी, विहीर, घोंगडी असे तीन शब्द सांगतो आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतो. शब्द आठवले नाहीत तर लगेच शिक्का मारत नाही. आधी कान, झोप, उदासी आणि झोपेची ती गोळी तपासतो.

यातलं काहीच शिबिरात होत नाही. शिबिरं गावोगाव होतात. मांडव पडतो, फीत कापली जाते, रांगेने ब्लडप्रेशर आणि साखर पाहिली जाते, चष्मे वाटले जातात. मोतीबिंदूच्या शिबिरांनी अनेकांना दृष्टी दिली, ते श्रेय त्यांचंच. पण आकडा वाढलेला निघाला त्याला पुढच्या महिन्यात कोण पाहणार, हा प्रश्न मांडवाबरोबरच उठून जातो. शहरातल्या ‘फुल बॉडी चेकअप’चंही तेच. रक्ताच्या चाचण्यांचे पानंच्या पानं अहवाल हातात पडतात आणि पाय मात्र कुणी पाहिलेले नसतात.

म्हणून सगळ्यांची सगळी तपासणी करावी, असंही नाही. ब्रिटनने तोही प्रयोग करून पाहिला. १९९०च्या करारात तिथल्या जनरल प्रॅक्टिशनरना पंचाहत्तरीपुढच्या प्रत्येकाला दरवर्षी तपासणी देऊ करणं बंधनकारक झालं. पुढं १०६ प्रॅक्टिसमधल्या चाळीस हजारांहून अधिक वृद्धांवर मोठा अभ्यास झाला. सरसकट सर्वांची सविस्तर तपासणी आणि थोडक्या प्रश्नांत अडचण दिसली त्यांचीच सविस्तर तपासणी, यांची तुलना केली. २००४ साली निष्कर्ष आला, की मृत्यू आणि रुग्णालयात भरती होण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. त्याच वर्षी ती सक्तीही करारातून गेली. पारनेरच्या डॉक्टरला यातून दिलासाच मिळतो. चार-सहा प्रश्न प्रत्येकाला आणि खोलात जाणं गरजेपुरतं, हे बाहेर बाकावर गर्दी असतानाही जमण्यासारखं आहे. या खेपेला पाय, पुढच्या खेपेला कान, त्याच्या पुढं गोळ्यांची पिशवी. बोलण्यात गेलेल्या वेळाची फी मिळत नाही. खाजगी दवाखान्याचं हे जुनंच दुखणं आहे.

शिवाय सगळं डॉक्टरनेच करायला हवं असंही नाही. पारनेरच्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९चा मॅगसेसे पुरस्कार त्या कामाला मिळाला. कुणाच्या घरात चूल पेटली नाही, कोण दोन दिवस ओट्यावर दिसलं नाही, हे गावच्याच बाईला आधी कळतं. आज ती जागा आशाताईंची आहे. त्या तिशीपुढच्यांचा आरोग्याचा फॉर्म भरतात. त्या फॉर्मवर पुढं कुणी काही केलं, तरच त्या कष्टांचं चीज होतं.

सरकारी मदतीची सांगडही डॉक्टरच घालून देऊ शकतो. पंचाहत्तरीनंतर एसटी २०२२पासून फुकट आहे, तेव्हा तालुक्याला येणं परवडतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये मिळतात. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान वयवंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं. न्हाणीत बसवायच्या लोखंडी दांडीला ते कार्ड चालत नाही, आणि खुब्याचं हाड वाचवते ती दांडीच.

मुंबई-पुण्याला राहणाऱ्यांनी पुढच्या खेपेला गावी गेल्यावर एवढं करावं. आईवडिलांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून त्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरकडे न्यावं, उभं करून रक्तदाब मोजायला सांगावं, पाय दाखवावेत. आणि डॉक्टरांनी आईला प्रश्न विचारला तर उत्तर तिला देऊ द्यावं.