मुंबई पाहायला जाल तेव्हा

रब्बीची सुगी घरात आली, मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की आपल्याकडे बऱ्याच घरांतून एक बेत ठरू लागतो. यंदा मुंबई पाहून यायची. मग कोणी माहीतगार पाहुणा यादी सांगतो : गेटवे, राणीची बाग, चौपाटी, महालक्ष्मी, हाजीअली, सिद्धिविनायक आणि वांद्र्याला नटनट्यांचे बंगले. एका दिवसात एवढे सगळे बसमधून दाखवून संध्याकाळी पुन्हा स्टेशनावर आणून सोडणारेही पुष्कळ आहेत. मंडळी, जरूर जा. पण आपण शेतकरी घरची माणसे. आजा-पणजाच्या काळापासून आपल्या घरातला नाहीतर भावकीतला एखादा तरी माणूस त्या शहरात राबलेला असतो. बंगले पाहण्याच्या गडबडीत त्याची जागा पाहायची राहून जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आमच्या चाकणला रेल्वे नाही. तळेगाव नाहीतर चिंचवड गाठायचे आणि तिथून गाडी धरायची. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तेव्हा आधी चौकशी करावी. द्रुतगती मार्गाने मोटार लवकर पोचते हे खरे, पण बरोबर मुले असतील तर जाताना रेल्वेनेच जावे. बोरघाटातले बोगदे मोजताना त्यांचा वेळ कसा जातो ते कळत नाही. हा लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. तो खोदताना पटकी-तापाने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. मुलांना तेही सांगावे.

गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचली की लगेच टॅक्सी शोधायला धावू नका. रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहा आणि त्या इमारतीकडे मान वर करून पाहा. १८८८ साली ती पुरी झाली. भिंतीवर दगडात कोरलेली पाने-फुले आणि पशुपक्षी पाहता पाहता अर्धा तास सहज जातो. त्याला तिकीट पडत नाही.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर मंडई आहे. जुने लोक तिला क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. आता तिला महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव आहे. आमच्या चाकणच्या कांदा-बटाट्याच्या मार्केट यार्डालाही त्यांचेच नाव आहे, म्हणून मला ती जागा ओळखीची वाटते. बायका आत शिरतात त्या डबे, मसाले आणि सुकामेवा पाहायला. तुम्ही आधी दाराबाहेर थांबा. दारावर दगडात शेतकरी कोरलेले आहेत, गव्हाच्या शेतात काम करणारे. लॉकवुड किपलिंग नावाच्या इंग्रज कलाशिक्षकाने १८६९च्या सुमारास ते केले. बाकी मुंबईत पुतळे आहेत ते राजेमहाराजांचे, शेठसावकारांचे नि पुढाऱ्यांचे. १९९६ पर्यंत मुंबईचा फळांचा घाऊक बाजार इथेच भरे. तो वाशीला गेला. दारावरचे शेतकरी मात्र अजून तिथेच आहेत.

दगडातला आणखी एक शेतकरी हुतात्मा चौकात भेटतो. तिथे कामगार आणि शेतकरी एकत्र मशाल धरून उभे आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसांनी प्राण दिले, त्यांचे हे स्मारक. मुंबई महाराष्ट्राची राहिली ती १ मे १९६० रोजी, आणि त्याची किंमत कोणी मोजली ते या चौकात समजते. गाड्यांच्या गर्दीत पुष्कळजण न पाहताच पुढे निघून जातात.

गेटवेबद्दल मी फार लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत. राजा पंचम जॉर्ज १९११ साली आला त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ला शेवटची गोरी पलटण याच कमानीखालून बोटीत बसून गेली. समोर घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज आहेत. माझी नात म्हणाली, "आजी, महाराज त्यांना घालवायलाच आलेत." तिथून लाँचने तासाभरात घारापुरीला जाता येते. सोमवारी लेणी बंद असतात. वर चढायला शंभरावर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. पण आतली वीस फूट उंचीची शिवाची त्रिमुखी मूर्ती पाहिल्यावर दुखणे विसरायला होते. मुंबई एवढी दिव्यांनी लखलखते, आणि समोरच्या या बेटावर समुद्राखालच्या तारेने वीज आली ती २०१८ साली. आपल्याच वाडी-वस्तीवर वीज उशिरा येते असे नाही.

कामाच्या दिवशी अकरा-साडेअकराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनाबाहेर अवश्य जा. पांढरी टोपी घातलेली माणसे फुटपाथवर डबे लावताना दिसतील. ही आपली माणसे. राजगुरुनगर, मावळ, आंबेगाव, जुन्नर या मुलखातली. महादू हावजी बच्चे यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी हा धंदा सुरू केला. डब्याच्या झाकणावरची रंगीत खूण आणि अक्षरे पाहून डबा ज्याचा त्याला पोचतो. इंग्लंडचे युवराज चार्ल्स २००३ साली त्यांना भेटून गेले. मात्र २०२०च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या आणि डबेही थांबले. त्या वर्षी आमच्या भागात कितीतरी डबेवाले परत आले. कोणी पुन्हा नांगर धरला, कोणी चाकणच्या कंपनीच्या फाटकावर रखवालदार झाला. सगळेच काही मुंबईला परत गेले नाहीत. त्यांच्या वाटेत उभे राहून फोटो काढू नका, त्यांची गाडी चुकते. बाजूला उभे राहून "कोणत्या गावचे?" एवढे विचारा. हात कामात असले तरी उत्तर मिळते.

आता मला जे मनापासून सांगायचे आहे ते गिरणगाव. व्ही.टी.हून धिम्या लोकलने निघालात की आधी भायखळा येते. तिथे राणीची बाग म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. मुलांना पेंग्विन दाखवा, शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे तेही दाखवा. मग पुन्हा गाडीत बसा आणि चिंचपोकळी, करी रोड, नाहीतर परळला उतरा. लालबागच्या रस्त्यावरून चालत जा. काचेचे उंच मनोरे दिसतील, त्यांच्या मध्येच एखादी जुनी गिरणीची चिमणी. पन्नासहून जास्त गिरण्या इथे नि आसपास चालत होत्या. भोंगा वाजला की माणसांचा लोंढा रस्त्यावर येई.

माझे वडील त्या लोंढ्यात होते. साचेखात्यात चोवीस वर्षे. लालबागच्या एका चाळीतल्या खोलीत ते राहत, खोलीत अठरा माणसे, सगळी आमच्याच पंचक्रोशीतली. भिंतीला प्रत्येकाची एक खुंटी आणि खाली एक पत्र्याची पेटी, एवढीच मालमत्ता. रात्रपाळीचा माणूस उठला की त्याच्या जागेवर दिवसपाळीचा आडवा होई. जेवण खाणावळीत. खाणावळवाली कोकणातली होती, तिला सगळे मावशी म्हणत. एका मे महिन्यात आई मला घेऊन गेली तेव्हा आम्ही तिच्याकडेच उतरलो. चाळीस माणसांच्या भाकऱ्या ती एकटी थापीत असे आणि सावकाराच्या व्याजाचा हिशेब तोंडपाठ सांगत असे. अशा बायकांसाठीच १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. मावशीला त्याचा उपयोग झाला. तिचे सावकाराचे देणे फिटल्याचे वडिलांनी पत्रात मुद्दाम कळवले होते.

आमच्या विहिरीचे बांधकाम वडिलांच्या पगारातून झाले. मोट गेली नि इंजिन आले तेही मनिऑर्डरीच्या पैशांतून. पुणे, सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी विहिरी, कितीतरी घरांची कौले गिरणीच्या पगाराची आहेत. शेती पोटापुरती आणि गिरणी बाकी सगळ्याला, असा तो संसार होता.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली संप सुरू झाला. अडीच लाख कामगार त्यात होते. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वडील वर्षभर येऊन-जाऊन वाट पाहत राहिले, मग पेटी घेऊन कायमचे घरी आले. चाळीतली खुंटी त्यांनी कोणाला दिली नव्हती, याची त्यांना पुढेही खूप दिवस हुरहूर होती. आज तुम्ही फिनिक्स मिलच्या आवारात गेलात तर तिथे मोठमोठी दुकाने आहेत. थंडगार हवा आहे, फिरायला बरे वाटते. पण मुलांना एवढे सांगा की इथे सूत निघत होते आणि ते काढणारी माणसे आपली होती.

हे सगळे आज लिहायचे आणखी एक कारण आहे. आता मुंबईला जाणारा मुलगा आमच्या गावात क्वचितच दिसतो. मुंबईच चाकणला आली म्हणा ना. बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र यांचे कारखाने आले, आणि ज्या रानात कांदा व्हायचा तिथे कंपन्यांची कुंपणे लागली. आमच्याही रानाच्या कडेला आम्ही बारा खोल्या बांधल्या आहेत. त्यांत परभणीची, नांदेडची आणि बिहारची पोरे राहतात. एका पाळीचा उठतो, दुसऱ्या पाळीचा त्याच अंथरुणावर निजतो. गावात कोणी त्यांना "बाहेरची" म्हणाले की मला लालबागची खोली दिसते. आम्ही खोलीमागे माणसे किती घ्यायची ते चारावर ठरवले आहे. धाकट्या दिरांना ते अजून पटलेले नाही, त्यांच्या मते आठ सहज मावतात. भाड्याचा फरक महिन्याला बराच पडतो, त्यामुळे घरात हा वाद अधूनमधून निघतोच.

गेल्या दिवाळीनंतर परभणीच्या मुलाची आई त्याला भेटायला आली. ज्वारीचे पीठ आणि तिळाची चटणी घेऊन, एसटीने रात्रभर बसून. मी तिला म्हटले, चला, चाकण दाखवते. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६०मध्ये शाएस्तेखानाशी जो भुईकोट लढवला त्याची तटबंदी दाखवली, शनिवारचा बाजार दाखवला. ती सगळे पाहत होती, मान हलवीत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, त्याची कंपनी दाखवता का?" रिक्षा करून आम्ही गेलो. आत सोडत नाहीत, म्हणून फाटकासमोर चहाच्या टपरीजवळ उभ्या राहिलो. पाळी सुटायला वीस मिनिटे होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फाटकाकडे पाहत उभी राहिली.