मोटारीचें वंगण

ह्या वार्षिकासाठीं कांहीं लिहावें असें संपादक-मंडळानें सुचविलें, तेव्हां विज्ञानांतील एखादा भारदस्त विषय घ्यावा असा माझा विचार होता. परंतु गेल्या वर्षीं माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती निस्तरतांना जें शिकावें लागलें तें आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीं. म्हणून तेंच लिहितों. ज्या मुलाची ही हकीकत आहे त्याची परवानगी घेतली आहे. नांव मात्र देत नाहीं.

हा मुलगा तेव्हां नववींत होता. पाथर्डीच्या बाजूस त्याचें खेडें आहे. त्याच्या मामानें त्याला रिमोटवर चालणारी एक मोटार दिली होती. अशी मोटार निव्वळ खेळणें नव्हे. विजेची मोटर, दंतचक्रें, बेअरिंगें, धक्के शोषणाऱ्या तेलाच्या नळ्या, सर्व कांहीं खऱ्या गाडीप्रमाणें तींत असतें. बिनतारी लहरींनीं वाहन हांकण्याची कल्पनाही जुनी आहे. निकोला टेस्ला ह्यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें पाण्याच्या हौदांत अशी एक नौका चालवून दाखविली होती. आमच्या मैदानावर ही मोटार धांवूं लागली कीं पांचवी-सहावीचीं मुलें तिच्यामागें, व त्यांच्यामागें धुळीचा लोट!

विज्ञान-प्रदर्शनास पंधरा दिवस उरले असतां मोटार करकरूं लागली. मुलगा ती घेऊन मजकडे आला. कोरडें यंत्र दिसलें कीं तेल घालावें हा आमचा बाळबोध धडा! मीं प्रयोगशाळेंतून ग्रीसचा डबा काढला व उघड्या दंतचक्रांवर बोटानें सढळ लेप दिला. गंज-गांठी सोडविण्याच्या तेलाचा एक फवारा होता, तो चाकांच्या बेअरिंगांत मारला. मोटार त्या दिवशीं लोण्यासारखी चालली. मी आपल्या ज्ञानावर खूष झालों.

प्रदर्शनाच्या दिवशीं ती पालकांसमोर दहा पावलें गेली आणि थांबली. मोटर फिरे, चाकें फिरेनात. मुलाचे आजोबा गांवाहून मुद्दाम आले होते. त्यांच्यादेखत मी त्यास म्हणालों, "यंत्राची निगा राखतां येत नसेल तर यंत्र बाळगूं नये." त्यानें मान खालीं घातली. ग्रीस सरांनींच लाविलें होतें, हें एक वाक्य तो बोलूं शकला असता. तो बोलला नाहीं.

सायंकाळीं मीं मोटार उघडली. ग्रीसचा पांढरा लेप काळा झाला होता. बोटांत चोळून पाहिला तर पॉलिश-कागदासारखा खरखरीत! मैदानाची धूळ त्यांत मिसळून तिचा खल झाला होता, आणि त्या खलांत नायलॉनच्या चक्राचे दांते झिजून गेले होते. बेअरिंगांची गत निराळी. फवाऱ्यांतील पातळ द्रावकानें आंतील मूळचें ग्रीस धुऊन काढलें व मागें अगदीं पातळ थर ठेविला. ह्या जातीच्या फवाऱ्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध जो डब्ल्यूडी-४०, तो १९५३ सालीं अमेरिकेंत सॅन डिएगो येथें तयार झाला, तो पाणी हटवून गंज टाळण्यासाठीं. नांवांतील दोन अक्षरांचा अर्थच 'पाणी हटविणें' असा, आणि चाळिसाव्या प्रयत्नांत साधलें म्हणून ४०. ओल्या मैदानांतून आलेली गाडी पुसून झाल्यावर तो उपयोगी. परंतु त्यानंतर बेअरिंगांत पुन्हां तेल घालावेंच लागतें. मीं वापरलेला डबा कोणाचाही असो, दोष डब्याचा नव्हता.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्गांत सर्वांसमोर मुलाची क्षमा मागितली. पण बोल मीं लाविला होता तो आजोबांच्या देखत. म्हणून शनिवारीं दुपारच्या एस. टी. नें त्यांच्या गांवीं गेलों. गोठ्याच्या भिंतीस जुन्या बैलगाडीचें एक चाक टेकून ठेविलें होतें. आजोबांनीं माझें सर्व बोलणें ऐकून घेतलें, मग त्या चाकाकडे बोट करून म्हणाले, "सर, वंगण कण्याला घालत्यात. धांवेला कुणी घालतं का? धांव तर मातीत फिरती." मग चहा आला.

जें आंत झांकलेलें आहे त्यास वंगण, जें धुळींत उघडें फिरतें तें कोरडें. नायलॉनचें दंतचक्र मुळांतच थोडें निसरडें असतें. उघड्यावर असेल तर त्यास कुंचल्यानें झाडणें पुरे. बंद पेटींतील चक्रांना ग्रीस द्यावें. बेअरिंगास पातळ तेलाचा एकच थेंब, तोही सुईच्या टोंकानें. मोटरच्या दोन्ही टोंकांस तसाच एकेक थेंब. मात्र ब्रशांची मोटर असेल तर ब्रश जेथें घासतात त्या तांब्याच्या भागास तेल लागूं देऊं नये.

धक्के शोषणाऱ्या नळ्यांत सिलिकोन तेल असतें, कारण त्याचा दाटपणा उष्णतेनें फारसा बदलत नाहीं. डिसेंबरची पहांट आणि एप्रिलची दुपार, दोन्ही सोसणाऱ्या आपल्या जिल्ह्यांत ही गोष्ट लहान नव्हे. पाण्याचा दाटपणा साधारण १ सेंटिस्टोक धरला तर ह्या नळ्यांतील तेलाचा कांहीं शेंकडे भरतो, आणि डिफरन्शियलमधील तेलाचा हजारांत जातो. एकाच्या जागीं दुसरें भरूं नये. वरचें पारदर्शक प्लॅस्टिकचें कवच पेट्रोलनें पुसणें तर कटाक्षानें टाळावें, तें तडकतें. टायर चकचकीत करणारें सिलिकोनचें पॉलिशही नको. चमक येते आणि पकड जाते.

नगरच्या (आतां अहिल्यानगर म्हणावयाचें, पण जुनी जीभ वळत नाहीं) माणसास हें मुळांत ठाऊक असावयास हवें होतें. चिलखती दलाचें शिक्षण-केंद्र येथें, वाहननगरास संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था, आणि १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय. तेथें मी दर वर्षीं वर्ग नेतों आणि रणगाडे कोणत्या सालचे तेवढें सांगून परत आणतों. यंदा मुलांना विचारलें, ह्याची दंतचक्रें कोठें आहेत? कोणासच दिसेनात. पोलादी पेटींत, तेलांत बुडालेलीं असलेलीं चक्रें बाहेरून दिसावींत तरी कशीं?

नवीं चक्रें पुण्याहून मागविलीं. त्यांचे पैसे मीं दिले. बेअरिंगांचे द्यावयास निघालों तेव्हां मुलानें घेतले नाहींत. परवां तो शिलाई-यंत्राच्या तेलाची बाटली मागावयास आला. किती घालणार, असें मीं विचारलें.

"कण्यापुरतं, सर," तो म्हणाला, आणि हंसत निघून गेला.