परीक्षकाची वही आणि प्रेक्षकाची टाळी

आमच्या दोन्ही तालुक्यांत गावच्या यात्रेचा शेवट बहुधा कुस्त्यांच्या आखाड्याने होतो. नारळावरच्या लहान पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, इनामे चढत जातात, हलगीचा ठेका वाढतो आणि दिवस मावळताना मानाची कुस्ती लागते. इथल्या निकालाला फारसे शास्त्र लागत नाही. पंच असतात, क्वचित वाद होतात, एखादी कुस्ती बरोबरीत सोडवली जाते; पण चितपट झालेल्या मल्लाला आपण हरलो हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. मातीने ते त्याच्या पाठीला सांगितलेले असते. बघणाऱ्या हजारांचे आणि पंचाचे मत अशा वेळी एकच असते.

आम्ही दोघे एम.ए. मराठीच्या एकाच वर्गातले. आज एक शिरूरच्या महाविद्यालयात शिकवतो, दुसरी दौंडच्या. संसार एकच असल्याने न्हावरे-चौफुल्यावरून जाणारा रस्ता आम्हांला पाठ आहे आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दोन्हीकडून एकाच घरात येतात. गुण देणे हा आमच्या पोटापाण्याचा भाग. त्यामुळे गुण देणारी माणसे दिसली की लक्ष आपोआप तिकडे जाते. २०१९ च्या फेब्रुवारीत, १६ आणि १७ तारखेला, मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती पाहायला गेलो तेव्हाही असेच झाले. खेळाडूंइतकेच आम्ही परीक्षकांकडे पाहत राहिलो. त्या दोन दिवसांत जे सुचले आणि पुढे शिकवताना जे पक्के होत गेले, त्याची ही मांडणी.

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. शब्दातच त्याचा उगम आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या अशा व्यायामाचा उल्लेख सापडतो. पुढे मागे पडलेल्या या विद्येचे पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवन केले, असे परंपरा सांगते. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान स्वीकारून ते सप्तशृंगीला गेले आणि तिथे त्यांना मारुतीचा दृष्टान्त झाला, ही आख्यायिका अनेकांनी ऐकली असेल. बडोद्याहून निघालेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त मल्लखांबाला सविस्तर जागा मिळाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याची प्रात्यक्षिके दाखवली.

हा इतिहास सांगण्याचे कारण निराळे आहे. खांब हा मुळात प्रतिस्पर्ध्याच्या जागी उभा आहे. जोडीदार नसतानाही डाव घोटता यावेत म्हणून तो पुरला गेला. त्याच्या भागांची नावे पाहा: अंग, मान आणि वर बोंड. शिसवी किंवा सागवानी लाकडाला जणू देहच कल्पिला आहे; त्याला एरंडेल चोपडले की तोही घामाघूम मल्लासारखा निसटू लागतो. पण सराव हीच जेव्हा स्पर्धा झाली तेव्हा एक पेच उभा राहिला. लाकडाला चीत करता येत नाही. खांब कधी हरत नाही आणि जिंकतही नाही. मग कोण सरस ठरले हे सांगायचे कुणी? प्रतिस्पर्धी नाहीसा होतो तिथे परीक्षक यावाच लागतो.

साहित्याचेही असेच आहे. एक कविता दुसऱ्या कवितेची पाठ मातीला लावत नाही. म्हणूनच साहित्यव्यवहारात इतके परीक्षक, निवड समित्या आणि प्राध्यापक.

शिवाजी पार्कवर सुमारे १५ देशांतले खेळाडू आले होते. जर्मनी, अमेरिका, जपान अशा देशांतली मुले खांबाला नमस्कार करून उडी घेत होती. सांघिक विजेतेपद भारताला मिळाले, त्यात नवल नव्हते. आमच्या मनात राहिला तो टाळ्या आणि गुण यांच्यातला दुरावा. एका तरुणाने बोंडावर एका हातावर तोल सांभाळला, मग झोकदार फिरक्या घेत उतरला. गर्दीने मैदान डोक्यावर घेतले. गुण जाहीर झाले ते अपेक्षेहून बरेच कमी. आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते; तरुणपणी त्यांनी स्वतः मल्लखांब केला होता. ते शांतपणे म्हणाले, “टाळी पडली ती तोलाला. पण त्याआधी अढी बसायला वेळ लागला आणि पायांचे अंगठे ताणलेले नव्हते. तिथं कापले.” पुढच्या खेळाडूच्या वेळी आम्ही अंगठे पाहू लागलो, आणि अंगठे पाहता पाहता त्याचा तोल पाहायचा राहून गेला.

दोरावरच्या मल्लखांबात हा दुरावा अधिक ठसठशीत दिसला. हा पूर्वी वेतावर केला जाई; तसा वेत मिळेनासा झाल्यावर सुती दोर आला. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत दोर पकडून मुलगी वर चढते, तो अंगाभोवती गुंडाळून घेत आसने करते आणि पुन्हा मोकळी होते. नियम असा की दोराला गाठ मारायची नाही. जे काही धरून ठेवले जाते ते वेढ्यांनी, पकडीने आणि स्वतःच्या देहाच्या भाराने. एका परदेशी मुलीचा वेढा मध्येच सुटला. ती हातभर घसरली, थांबली, दोर पुन्हा बोटांत धरला आणि राहिलेला संच पूर्ण केला. आम्ही ऐकलेली सर्वांत मोठी टाळी तिला मिळाली. तिचे गुण मात्र अगदी खालचे होते. दोन्ही गोष्टी रास्त होत्या, आणि दोन्ही रास्त कशा, हे मात्र आम्हांला लगेच सांगता आले नसते.

या प्रश्नाशी जगात सर्वांत जाहीरपणे झगडलेला खेळ म्हणजे फिगर स्केटिंग. आमच्या भागात बर्फ रसवंतीत आणि गोळ्याच्या गाडीवर भेटतो. हा खेळ आम्ही दूरचित्रवाणीवरच पाहिला. पण त्याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाने वाचावा असा आहे. त्याच्या नावातली ‘फिगर’ म्हणजे बर्फावर पात्याने कोरलेली आकृती. वर्तुळे आणि आठाचे आकडे रेखायचे, त्याच रेषेवरून पुन्हा फिरायचे, आणि परीक्षकांनी वाकून त्या रेघा तपासायच्या, असा सक्तीचा भाग त्यात अनेक दशके होता. तो परीक्षकांसाठी होता. प्रेक्षकाला त्यात बघण्याजोगे फार थोडे होते. १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून तो गेला. खेळाने नाव ठेवले, आकृती सोडली.

गुणांचेही तसेच. पूर्वी सर्वोच्च गुण ६.० असत. १९८४ साली सारायेव्होच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जेन टॉरव्हिल आणि ख्रिस्तोफर डीन या ब्रिटिश जोडीने रावेलच्या ‘बोलेरो’वर नृत्य केले, तेव्हा कलात्मक प्रभावासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.० दिले. परीक्षकाची वही आणि प्रेक्षकाची टाळी त्या दिवशी एक झाली. पुढे २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला जोडी स्केटिंगच्या निकालावरून फ्रेंच परीक्षकाने दबावाखाली मत दिल्याचे प्रकरण उघड झाले आणि रशियन जोडीबरोबर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले. त्यातून २००४ मध्ये नवी पद्धत स्वीकारली गेली. आता प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला पायाभूत मूल्य ठरलेले असते. ती कशी केली यावर गुण वाढतात किंवा घटतात. परीक्षकांपैकी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण वगळून सरासरी काढली जाते. न्याय वाढला, हे मान्यच करायला हवे. पण बेरजेत भर घालणाऱ्या अवघड उड्या संचात ठासून भरण्याकडे कल वाढला, अशी तक्रारही तेव्हापासून ऐकू येते.

सूर्या बोनाली या फ्रेंच खेळाडूचे उदाहरण याहून बोलके आहे. १९९८ साली नागानोत तिने नियमाने निषिद्ध असलेली उलटी कोलांटी बर्फावर मारली आणि ती एका पायावर उतरली. प्रेक्षक थक्क झाले. परीक्षकांनी गुण कापले. तिचा दहावा क्रमांक आला. तो निषेध २०२४ मध्ये उठला. त्या दिवसाच्या परीक्षकांनी नियम पाळला होता, आणि त्या दिवसाच्या प्रेक्षकांनी जे पाहिले ते नियमात यायला सव्वीस वर्षे लागली.

मराठीच्या विद्यार्थ्याला या वादाचे तात्त्विक रूप परके नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली, त्यांचा प्रयत्न सौंदर्याचा नियम शोधण्याचा होता. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कांटच्या विचाराचा विस्ताराने परामर्श घेतला. ‘हे सुंदर आहे’ या विधानामागे नियम दाखवता येत नाही, तरीही ते सर्वांनी मानावे अशी मागणी त्यात असते, हा कांटने दाखवलेला पेच आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. शिवाजी पार्कवर तो पेच दोन ठिकाणी वाटला गेला होता. नियम परीक्षकांच्या वहीत होता, मागणी टाळीत होती.

इथे एक भूमिका घेणे भाग आहे. रसिकतेच्या नावाने निकषांना नावे ठेवणे सोपे असते, आणि आम्हांला ते करायचे नाही. तालुक्याच्या गावातून आलेल्या, आडनावाचे वजन नसलेल्या मुलीला निकषच वाचवतात. अंगठे ताणलेले आहेत की नाहीत, हे पाहणारा परीक्षक तिचा तालीमसंघ कोणता आणि वडील कोण हे पाहत नाही. निदान पाहू नये, असे तिला ठणकावून सांगता येते. निव्वळ ‘मला भावले’ यावर निकाल लागू लागला तर ओळखीच्यांचेच भावते. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक असतो तो याचसाठी. वही हवीच.

अडचण पुढेच आहे. मल्लखांबाच्या खेळाडूला परीक्षक मिळतात तसे प्रेक्षकही मिळतात. घसरलेल्या मुलीला कमी गुण मिळाले, पण ती रित्या मैदानातून परतली नाही. आमच्या विद्यार्थ्यांच्या लेखनाचे काय? प्रश्नपत्रिका, प्रकल्प, अंतर्गत मूल्यमापन, तोंडी परीक्षा. ते जे काही लिहितात ते पहिल्यांदा आणि शेवटचे वाचणारा माणूस हातात लाल पेन घेऊन वाचतो. त्यांच्या लेखनाला परीक्षक भरपूर, वाचक एकही नाही.

काही वर्षांपूर्वी दौंडच्या वर्गात एका विद्यार्थिनीने रात्रीच्या रेल्वे फलाटावर निबंध लिहिला होता. जंक्शनच्या गावातली ती मुलगी. गाडी येण्याआधी रुळांत उठणारी बारीक थरथर तिने एका परिच्छेदात पकडली होती. निबंधाला वीसपैकी सोळा गुण मिळाले. शुद्धलेखनाचे दोन गेले, समारोप घाईचा होता त्याचे दोन. तिने हिशेब ऐकून घेतला, मान्यही केला. मग थोडी घुटमळत म्हणाली, “मॅडम, गुण कळले. पण तुम्हांला आवडला का?”

गुणपत्रकात या प्रश्नासाठी रकाना नाही, आणि नसावाही. आवडीचे गुण देऊ लागलो तर न्याय संपेल. पण रकाना नाही म्हणून उत्तरही नसावे, असे थोडेच आहे? तिला त्या थरथरीबद्दल सांगितले, तेव्हा तिचा चेहरा सोळाचे अठरा झाल्यावर झाला असता तसा झाला नाही. ती गंभीर झाली आणि फलाटाबद्दल आणखी बोलू लागली. निबंधात न आलेल्या गोष्टी तिने तेव्हा सांगितल्या: हमालांच्या बोलण्याची लकब, रात्रीच्या घोषणेनंतर पसरणारी शांतता. गुणांनी लेखन संपले होते; प्रश्नाच्या उत्तराने ते पुन्हा सुरू झाले.

तेव्हापासून दोन्ही महाविद्यालयांत आम्ही महिन्यातून एक तास असा ठेवला आहे की, ज्याला वाटेल त्याने स्वतःचे लिहिलेले वाचावे आणि त्याचे गुण कुठेही जाऊ नयेत. हजेरीही घेत नाही, त्यामुळे वर्ग अर्धाही भरत नाही. येतात त्यांचीही सवय मोडायला वेळ लागतो. कुणी वाचले की पहिला श्रोता चूक काढतो, दुसरा ‘छान’ म्हणून मोकळा होतो. परीक्षक होणे आपण शाळेपासून शिकलेलो असतो. प्रेक्षक होणे कुणी शिकवत नाही. म्हणून आम्ही एवढेच सांगतो की, ऐकताना जिथे मान आपसूक वर झाली ती जागा लक्षात ठेवा आणि तेवढीच सांगा. गेल्या खेपेला शिरूरच्या वर्गात एका मुलाने घोडनदीच्या कोरड्या पात्रावर चार ओळी वाचल्या. शेवटच्या बाकावरचा, एरवी गप्प असणारा विद्यार्थी उठला, “दुसरी ओळ परत वाच,” एवढेच म्हणाला आणि खाली बसला.