चुलवणावरून भीमेच्या पात्रात

खुटबाव, केडगाव, पारगाव या पट्ट्यात ज्याचे बालपण उसाच्या फडांत आणि गुऱ्हाळांच्या धुरात गेले, त्याला काहील ही वस्तू वर्णन करून सांगावी लागत नाही. परंतु तीच काहील चुलवणावरून उतरल्यावर भीमेच्या पात्रात नावेचे काम करी, हे सांगू गेल्यास नवी पिढी साशंक मुद्रेने पाहते, म्हणून हा लेखनप्रपंच.

लोखंडी पत्र्याचे तुकडे रिबिटांनी सांधलेली, सपाट तळाची, काठाला कड्या असलेली ती विशाल कढई माझ्या आजोळच्या गुऱ्हाळात हंगामभर तापत असे. खाली चिपाडाचा जाळ, वर खळखळणारा रस, रानभेंडीच्या चिकाने तरंगून आलेली मळी. आणि पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत दाबून पाहणारा गुळव्या. त्याने 'उतरा' म्हणताच कड्यांत दांडे घालून माणसे काहील उचलीत, आणि त्या वेळी एकही पोर आसपास फिरकू नये असा सक्त हुकूम असे.

जाळाने तळ झिजून त्यावर ठिगळे चढली, की तेथे पाक करपतो म्हणून ती गुऱ्हाळातून बाद होई. भीमेला मात्र ठिगळांची तमा नव्हती. नदीच्या अल्याड दौंड तालुका, पल्याड शिरूर. पावसाळ्यात पाणी चढले, की पल्याडच्या शेतकऱ्याच्या ढेपा केडगावच्या बाजारात, बाळंतीण माहेरी आणि वहिवाटीच्या तंट्यातला वादी मामलेदार कचेरीत पोहोचवावयाचा तो या काहिलीनेच. वाटोळेपणामुळे तिला पुढची बाजू अशी नाहीच. वल्ह्याचा एक फटकारा अधिक पडला की ती जागच्या जागी गिरकी घेई. म्हणून ओझे मधोमध ठेवीत आणि माणसे कडेने उकिडवी बसत. गूळ भिजू नये म्हणून तळाशी उसाच्या पाचटाचा थर घालीत, आणि रिबिटांतून झिरपणारे पाणी तांब्याने उपसण्याचे काम आम्हां मुलांकडे असे. ते मी मोठ्या अभिमानाने केलेले आहे.

पारगावजवळ भीमेवर पूल झाला आणि ही वाहतूक सरली. काहील गोठ्यापुढे आली, गुरांच्या पाण्याचा हौद झाली, आणि शेवटी भंगारवाल्याने तिचे तुकडे करून ते वजनावर नेले. याउलट अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठी, डुलुथ बंदरात 'विल्यम ए. अर्विन' नावाचे सुमारे 610 फूट लांबीचे मालवाहू जहाज आहे; 1938 पासून 1978 पर्यंत त्याने लोहखनिज आणि कोळसा वाहिला, आणि 1986 पासून ते लोकांना पाहण्यासाठी संग्रहालय म्हणून उभे आहे. ज्या लोकांनी आपल्या कष्टाच्या साधनाला इतका मान दिला, त्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो. आपल्या गुऱ्हाळांतून जुन्या रिबिटांची एखादी काहील अद्याप सापडेल. तिची भंगारात रवानगी होण्यापूर्वी ग्रामपंचायतीने ती चावडीपुढे मांडावी, आणि शेजारी दांडे, झारी व वल्हेही ठेवावे.