नवा काठ

कापड विणणारा एक आणि त्याचा नमुना ठरविणारा दुसरा, ही व्यवस्था खाप्यात वाढलेल्या माणसास प्रथम चमत्कारिकच वाटते. सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या तीरावर वसलेले हे आमचे गाव पिढ्यान् पिढ्या कोष्ट्यांच्या मागांवर जगले. लुगड्याचा काठ किती बोटे रुंद असावा हे जो ठरवी, तोच खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकी. म्हणून गुची या इटलीतील विख्यात पेढीची अलीकडील हकीकत वाचू लागलो तेव्हा आमचे लक्ष तिच्या वैभवापेक्षा तिच्या एका चाकराकडेच अधिक वेधले.

या चाकरास तिकडे 'क्रिएटिव्ह डायरेक्टर' म्हणतात. तो विणीत नाही, शिवीत नाही, हिशेबाच्या वह्याही ठेवीत नाही. यंदा गिऱ्हाइकाने कशावर भाळावे, एवढेच ठरविणे हे त्याचे काम. पेढीचे सारे दैव त्याच्या या एका लहरीस बांधलेले असते.

पूर्वी असे नव्हते. १९२१ साली गुच्चिओ गुची यांनी फ्लॉरेन्समध्ये कातडी सामानाचे दुकान काढले. महायुद्धानंतर कातड्याची टंचाई पडली असता त्यांच्या कारागिरांनी १९४७ मध्ये बांबू वाकवून पिशवीची मूठ केली. अडचणीतून निघालेला तो नमुना आजही खपतो. पुढे बापलेकांचे कज्जे कोर्टात गेले आणि १९९३ पर्यंत घराण्याच्या हातून पेढी निसटली. ती कहाणी भाऊबंदकीची असल्यामुळे मराठी वाचकास विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

२०१५ साली आलेस्सांद्रो मिकेले यांच्याकडे ही जागा आली. आजीची पेटी उघडून तिच्यातले सर्व काही एकदम अंगावर चढवावे, असा त्यांचा थाट. फुले, पाखरे, वाघ, साप, जरी यांपैकी त्यांस काहीच वर्ज्य नव्हते. आमच्या अभिरुचीस हा बटबटीतपणा मानवला नसता, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. परंतु जगाने तो डोक्यावर घेतला. २०१५ साली सुमारे ३९० कोटी युरो असलेली विक्री २०१९ मध्ये ९६० कोटींवर गेली. मग लोक कंटाळले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात मिकेले बाहेर पडले.

२०२३ च्या जानेवारीत त्यांच्या जागी सबातो दे सार्नो यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ अगदी उलट वृत्तीचे. त्यांनी साधे डगले आणि सरळ काप पसंत केले. रंग निवडला तो गडद तांबडा. त्याला नाव दिले 'आंकोरा', म्हणजे 'पुन्हा'. लोकांनी पुन्हा पेढीच्या प्रेमात पडावे, असा हेतू. लोक पडले नाहीत. २०२४ साली विक्री २३ टक्क्यांनी घसरून ७६५ कोटींवर आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत, पुढचे प्रदर्शन तोंडावर आले असताना, दे सार्नो यांस निरोप मिळाला. मार्चमध्ये देम्ना यांचे नाव जाहीर झाले, तर दुसऱ्याच दिवशी मूळ कंपनीच्या शेअरचा भाव दहा टक्क्यांहून अधिक उतरला. त्या बिचाऱ्याने अद्याप कात्रीही हातात घेतली नव्हती!

दिवाळीच्या सुटीत ही हकीकत आम्ही आमच्या गल्लीतील एका वृद्ध विणकरास सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "मास्तर, बाई दुसऱ्यांदा त्याच काठाचं लुगडं घ्याले आली म्हणजे काठ चालला म्हणतेत. तिचं पह्यलं लुगडं फाटाच्या अगोदरच त्या मानसाले काढलं कसं?"

या प्रश्नापुढे अर्थशास्त्राचे पुष्कळ पांडित्य फिके पडते. चीनमधील गिऱ्हाईक हात आखडता घेत होते आणि उंची मालाच्या किमती भलत्याच चढविल्या गेल्या होत्या, हे खरे. तो दोष दे सार्नो यांचा नव्हे. पण त्याच मंदीच्या वर्षी एर्मेस या फ्रेंच पेढीची विक्री वाढली. तेथे पुरुषांच्या पोशाखांसाठी १९८८ साली नेमलेल्या वेरोनिक निशानियाँ या बाईंनी तब्बल सदतीस वर्षे काम केले. इतकी सवड मिळाली असती तर दे सार्नो यशस्वी झालेच असते, असे आम्ही म्हणत नाही. त्यांची परीक्षाच झाली नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे. आधी घाईने फुगविलेल्या पेढीचा भार एका चित्रे काढणाऱ्याच्या माथी मारून मालक मात्र मोकळे झाले.

इतके लिहिल्यावर कोणी म्हणेल की, मग खाप्याचीच रीत बरी. तसेही म्हणवत नाही. नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एंप्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या मागून यंत्रमाग आले, यंत्रमागाच्या मागून कृत्रिम रेशीम आले. आमच्या गावात या सर्व काळात काठ बदलण्यासाठी कोणाची नेमणूक झाली नाही, त्यामुळे कोणास काढावेही लागले नाही. माग एकेक करून मुकाट्याने बंद पडले. विणकरांची मुले कोणी गुमगावच्या मँगनीज खाणीकडे वळली, कोणी नागपुरात नोकरीस लागली. इटलीत एक माणूस गेला तर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. येथे आख्खी गल्ली गेली तरी दोन ओळी नाहीत.

गोव्यात मात्र निराळे घडले. वेंडेल रॉड्रिक्स हे पॅरिसपर्यंत आपले कपडे नेलेले कलावंत. त्यांनी २०१० च्या सुमारास कुणबी बायकांची विस्मरणात चाललेली तांबड्या चौकड्यांची साडी हाती घेतली आणि ती पुन्हा विणवून शहरी श्रीमंतांच्या अंगावर चढविली. २०१६ साली, आपल्या हयातीतच, त्यांनी पेढी शुलेन फर्नांडिस या शिष्येच्या हाती सोपविली. २०२० मध्ये ते वारले. घाई नाही, बडतर्फी नाही.

हेही आम्ही त्या वृद्धांस सांगितले आणि मोबाइलवर त्या साडीचे चित्र दाखविले. आमच्या विवेचनाकडे त्यांचे लक्ष नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, काच डोळ्यांजवळ नेली आणि नखाने एकेक रेघ मोजीत विचारले, "चौकडी किती धाग्यांची हाय म्हनता?"