या सुट्टीत डिस्नीलँड नाही

नेदरलँड्समधल्या मराठी घरात आई-बाबा भारतातून येणार असं ठरलं, की सहलीच्या यादीत काही नावं न विचारताच येऊन बसतात. वसंतात येणार असतील तर ट्यूलिपची बाग, मग ॲमस्टरडॅमचे कालवे, पॅरिस, आणि पॅरिसला जोडून डिस्नीलँड. घरात लहान मूल असेल तर डिस्नीलँडवर चर्चासुद्धा होत नाही, थेट तारीख ठरते. यंदाच्या आखणीतून मी ते नाव काढून टाकलं आहे आणि त्या जागी एफ्टलिंग हे इथलंच परीकथांचं उद्यान घातलं आहे. डिस्नीवर माझा राग नाही, आणि केवळ पैसे वाचावेत म्हणूनही हे केलेलं नाही. आजी-आजोबा नव्वद दिवसांच्या व्हिसावर येतात. त्यातले निम्मे दिवस आपण ऑफिसात आणि मूल शाळेत असतं. मग उरलेल्या दिवसांतला एक अख्खा दिवस कुठे घालवायचा, हे ठरवताना मला एकच गोष्ट मोजावीशी वाटते: त्या दिवसातला किती वेळ आजी-आजोबा, आपण आणि मूल असे सगळे एकत्र, एकाच गोष्टीकडे बघत असू? किती राइड झाल्या आणि किती फोटो निघाले, हे मी मोजायला घेतलेलंच नाही.

या मोजमापाला डिस्नीलँड पॅरिस कमी पडतं, आणि त्याची कारणं साधी आहेत. ते पॅरिस शहरात नाही. शहराच्या पूर्वेला तीसेक किलोमीटरवर, मार्न-ला-व्हालेला आहे. आइंडहोवनहून गाडीने निघालं तर चारशे किलोमीटरहून जास्त, आम्स्टलव्हेनहून पाचशेच्या घरात. म्हणजे एका दिवसाच्या मजेसाठी जाण्या-येण्याचे दोन अर्धे दिवस आणि हॉटेलचा मुक्काम. आत गेल्यावर रांगा. दोन्ही बागा मिळून वर्षाला दीड कोटीच्या आसपास माणसं तिथे येतात, तेव्हा रांग असणारच, त्यात कुणाचा दोष नाही. पण पूर्वी तिथे रांगेची वेळ राखून ठेवणारा फास्टपास फुकट मिळायचा. २०२१ पासून त्याच्या जागी पैसे मोजून घ्यायचा प्रीमियर ॲक्सेस आला. पाच माणसांच्या कुटुंबाला प्रत्येक राइडला माणशी वेगळे पैसे भरायचे, की तासभर उभं राहायचं, हा हिशेब दिवसभर फोनवर करावा लागतो. तो करणारा माणूस, म्हणजे बहुतेक घरांत आई किंवा बाबा, त्या दिवशी सहलीला आलेलाच नसतो. शिवाय उंचीची अट. बिग थंडर माउंटनला १०२ सेंटिमीटर, हायपरस्पेस माउंटनला १२०. चार वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आजोबा दोघंही बाहेर बसणार, आई-बाबा आळीपाळीने आत जाणार. एका तिकिटावर आलेलं कुटुंब दिवसभर तुकड्या-तुकड्यांत वाटलं जातं.

काट्सहूवल हे नेदरलँड्सच्या दक्षिणेतलं, ब्राबांट प्रांतातलं लहान गाव. १९३० च्या दशकात तिथल्या पाद्र्यांनी गावातल्या मुलांसाठी खेळाचं मैदान आणि फिरायची बाग केली, तिथून एफ्टलिंगची गोष्ट सुरू होते. १९५० मध्ये त्या बागेची संस्था झाली आणि ३१ मे १९५२ ला तिथे परीकथांचं जंगल उघडलं, तेव्हा त्यात दहा गोष्टी होत्या. कॅलिफोर्नियातलं पहिलं डिस्नीलँड उघडायला तेव्हा अजून तीन वर्षं होती. हे जंगल चितारलं आंतोन पीक या चित्रकाराने आणि त्यातल्या हलत्या-बोलत्या करामती बसवल्या पीटर रेइंडर्स या तंत्रज्ञाने. खोट्या दगडाच्या भिंती उभारायच्या असतील तर मी काम करणार नाही, खरा दगड, खरं लाकूड, खरी कौलं हवीत, असा पीक यांचा आग्रह होता. सत्तर वर्षांनंतर त्या घरांवर जे शेवाळ चढलं आहे तेही त्यामुळेच खरं आहे. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एफ्टलिंगची मालकी आजही त्या संस्थेकडेच आहे. बाहेरचे भागधारक नाहीत, त्यामुळे नफा बागेतच परत जातो. रांग ओलांडायचं वेगळं तिकीट इथे विकत मिळत नाही, ते या जडणघडणीला धरूनच आहे असं मी मानते. सगळ्यांसाठी एकच रांग. ती लांब असते तेव्हा लांबच असते, पण फोनवरचा हिशेब संपतो आणि आई-बाबा सहलीत परत येतात.

खरा फरक मात्र त्या जंगलात आहे. त्याला डच लोक स्प्रोक्येसबोस म्हणतात. आता तिथे तीसच्या आसपास गोष्टी आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना ना रांग, ना उंचीची अट, ना पट्टा बांधायची खुर्ची. झाडीतून वळणावळणाची वाट जाते, बाजूला बाक आहेत, व्हीलचेअर आणि बाबागाडी सहज चालते. एका वळणावर किल्ला लागतो आणि आत निद्रिस्त राजकन्या. नीट पाहिलं तर तिची छाती श्वासाबरोबर वर-खाली होताना दिसते. पुढे फरसबंदीवर दोन लाल बूट, पाय नसलेले, आपले आपण नाचत असतात. लांगनेक नावाचा लांब मानेचा माणूस बसल्या जागेवरून मान झाडांच्या उंचीला नेतो आणि पुन्हा खाली आणतो. वाटेच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांची लाल भूछत्रं आहेत. त्यांच्याजवळ गेलं की आतून बारीक सुरावट ऐकू येते, आणि लहान मूल काही न सांगता त्याला कान लावून उभं राहतं. कचरापेटीसुद्धा इथे गोष्टीतलीच आहे. होले बोले खैस हा जाड्या तोंड उघडून ‘पापीर हिर’, म्हणजे ‘कागद इकडे’, असं ओरडत बसलेला असतो. कागद तोंडाशी नेला की तो ओढून घेतो आणि ‘डांक यू वेल’ म्हणतो. मुलं त्याला भरवायला रस्त्यावरचे कागद शोधून आणतात. १९५९ मध्ये बसवलेली ही युक्ती इतकी साधी आहे, की आपल्याकडच्या प्रत्येक बागेत ती का नाही, असा प्रश्न पडतो. यातलं काहीही बघायला आजींना धाडस लागत नाही आणि नातवाला उंची लागत नाही. सगळे एकाच कुंपणाशी उभे असतात.

भारतातून आलेल्या माणसांनी ‘भारतीय पाणकमळं’ या नावाच्या खेळापाशी जरूर थांबावं. बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी लिहिलेल्या परीकथेवरून १९६६ मध्ये तो उभारला. अंधाऱ्या गुहेत तळं, त्यावर धुकं, बेडकांचा वाद्यवृंद, गाणारी चेटकीण, आणि उमलणाऱ्या कमळांत नाचणाऱ्या पऱ्या. युरोपातल्या एका राणीने मनाशी कल्पिलेला हा भारत आहे. आपल्या ओळखीचा भारत त्यात सापडणार नाही, पण कमळ आणि पौर्णिमेचा नाच एवढं तरी ओळखीचं लागतं. जुन्या युरोपीय करमणुकीत इतर देशांची चित्रं नेहमी एवढी निरुपद्रवी नव्हती, हेही खरं. आफ्रिकी माणसाचं विद्रूप चित्र रंगवणारा इथला मोस्यू कानिबाल हा फिरता खेळ संस्थेने बदलला आणि २०२२ पासून तो सिरोको या वेगळ्या कल्पनेवर चालतो. उशिरा झालं, पण झालं.

माझ्या या पसंतीवर पहिला आक्षेप भाषेचा असतो. एफ्टलिंग डच आहे, आजी-आजोबांना काय कळणार? मला तर हेच तिथे जाण्याचं सगळ्यात मोठं कारण वाटतं. यातल्या बहुतेक गोष्टी ग्रिम बंधू, पेरो आणि अँडरसन यांच्या आहेत आणि त्या मराठी घराला परक्या नाहीत. काचेच्या पेटीत निजलेली मुलगी आणि भोवती सात बुटके दिसले, की डच कळत नसलेल्या आजीही ‘अगं, ही तर आपली हिमगौरी’ असं म्हणू शकतात, कारण ती त्यांनी मराठीत वाचलेली असते. १९८६ पासून चाललेली फाता मोर्गाना ही होडीतली सफर अरबी रात्रींच्या नगरातून जाते, आणि त्या सुरस गोष्टी मराठीत आल्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात. तेव्हा गोष्ट आजोबांकडे आहे आणि शब्द नातवाकडे. डच शाळेत जाणारं मूल पाटीवरचं वाचतं, आवाजातलं ऐकतं आणि आजोबांना मराठीत सांगतं. आजोबा उलट त्यालाच विचारतात, पुढे काय झालं? एरवी या देशात आजी-आजोबा ट्रामचं तिकीट काढण्यापासून दुकानातल्या चौकशीपर्यंत सगळीकडे अवघडलेले असतात, आणि मुलाचं मराठी घराच्या चार भिंतींत अडकलेलं असतं. या वाटेवर दोघांनाही एकमेकांची गरज पडते. डिस्नीच्या मिकी आणि एल्सा यांच्या बाबतीत तसं होत नाही. तिथे मुलाला सगळं माहीत असतं आणि आजोबांना काहीच नाही, आणि पडद्यावर सगळं इतकं स्पष्ट सांगून झालेलं असतं, की विचारायला काही उरतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो मुलाचा आहे. त्याला एल्साच हवी असते, लांगनेक कोण हे त्याला ठाऊक नसतं. वर्गातले मित्र पॅरिसला जाऊन आलेले असतात. ही इच्छा खोटी ठरवायचा मला अधिकार नाही. डिस्नीलँडमधला गुलाबी किल्ला, त्याच्या तळघरातला ड्रॅगन, संध्याकाळची मिरवणूक हे सगळं डोळ्यांचं पारणं फेडणारं आहे, आणि तेही सगळ्यांनी मिळून बघता येतं. म्हणून माझं म्हणणं ‘कधीच नाही’ असं नाही. मूल दहा-बारा वर्षांचं झालं की उंचीची अट उरत नाही, पाय दुखत नाहीत आणि दोन दिवसांत दोन्ही बागा पुरेपूर वसूल होतात. ती सहल आई-बाबा आणि मुलाची. आजी-आजोबांबरोबरची सहल मात्र पुढे ढकलण्यासारखी नसते. सत्तरीतली माणसं दरवर्षी आठ-दहा तासांचा विमानप्रवास करतीलच असं कुणी धरून चालू नये. त्यातून पॅरिसला जायचंच असेल तर तिथले दोन-तीन दिवस पॅरिसलाच द्यावेत. सेन नदीवरची होडी, लूव्र, आयफेल यांतला एक दिवस कापून तो मार्न-ला-व्हालेच्या रांगेत घालवणं हा आजी-आजोबांवर अन्याय आहे.

घरात थरार हवा असलेलं मोठं भावंड असेल तर? त्याचीही सोय आहे. बॅरन १८९८ हा रोलरकोस्टर साडेसदतीस मीटर खोल, थेट खाणीच्या तोंडात कोसळतो, ताशी ९० किलोमीटर वेगाने. त्याला १३२ सेंटिमीटर उंची लागते. म्हणजे कुटुंब फुटतं ते इथेही, फक्त एवढ्या-तेवढ्या वेळापुरतं. पावसाची भीती तर या देशात कायमचीच. पण पऱ्यांच्या राज्यातून नेणारी ड्रोमफ्लुख्ट, फाता मोर्गाना आणि सिम्बोलिका हे राजवाड्यातलं फिरणं, हे तिन्ही छताखाली आहेत आणि तिन्हींत आजी मांडीला मांडी लावून नातवंडाशेजारी बसू शकतात. तिकीट स्वस्त नाही आणि गाडी लावायचे पैसेही वेगळे पडतात, हे आधीच सांगून ठेवते. वाचतो तो हॉटेलचा मुक्काम. आइंडहोवनहून पन्नासेक किलोमीटर, आम्स्टलव्हेनहून शंभरच्या आत-बाहेर. गाडी नसेल तर टिलबर्ग किंवा डेन बॉशपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. घरचा डबा आत नेता येतो, त्यामुळे शाकाहारी माणसांना अख्खा दिवस बटाट्याच्या तळलेल्या काड्यांवर काढावा लागत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असली की आजी निर्धास्त.

तारीख काढताना एवढं करा. इथल्या शाळांच्या सुट्ट्या उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन विभागांत वाटलेल्या असतात आणि उन्हाळ्याची सुट्टी प्रत्येक विभागात वेगळ्या तारखेला सुरू होते. आपल्या मुलाला सुट्टी आहे आणि बाकीच्या विभागांची शाळा चालू आहे, असा आठवडा कॅलेंडरात शोधा. त्यातला मंगळवार किंवा गुरुवार घ्या. बाग २०१० पासून वर्षाचे ३६५ दिवस उघडी असते. सकाळी दार उघडताच आत जा, आणि राइडच्या रांगांकडे न धावता आधी जंगलाच्या वाटेला लागा.