आधी हवा, मग टायमिंग

कार्बोरेटर बदलला की बुलेटचं टायमिंग बिघडतं, हा समज यवतमाळपासून वणी-पांढरकवड्यापर्यंत पक्का आहे. गाडी उचल घेत नाही, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. "मिस्त्री भाऊ, पॉईंट हालले असतीन, फिरवून पाहा बरं," गिऱ्हाईक म्हणतं. घाईतला मिस्त्री डिस्ट्रिब्युटर फिरवतो आणि खरा बिघाड तिथून सुरू होतो.

जुन्या ३५० सीसी बुलेटमध्ये ठिणगी पुढे-मागे करण्याचं काम दोन वजनं आणि स्प्रिंगा करतात. कार्बोरेटरची नळी तिथे जातच नाही. ॲम्बॅसिडर किंवा मारुती ८०० चं निराळं; त्यांच्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची नळी असते, ती चुकीच्या जागी लावली तर टायमिंग खरंच सरकतं. बुलेटमध्ये मी आधी हवा शोधतो. नट जास्त आवळले की फ्लँज वाकतो, पॅकिंग बसत नाही, इंजिन चोरवाटेने हवा ओढतं. असं पातळ मिश्रण सावकाश जळतं, म्हणून टायमिंग मागे पडल्यासारखं भासतं. मग कुणी ते पुढे घेतं, गाडी दोन दिवस बरी चालते आणि मे महिन्याच्या उन्हात डबलसीट चढ चढताना इंजिन खडखडायला लागतं. पिस्टन असेच जातात.

इंजिन मंद चालू ठेवून जोडावर थोडं ऑईल सोडावं. आवाज बदलला तर हवा तिथूनच येते. जोड पक्का असूनही प्लग पांढरा निघाला तर जेट लहान आहे. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुना जेट त्यामुळे पातळच पडतो.

किक उलटी मारत असेल तर मात्र टायमिंगच बघावं. पॉईंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, गॅप वाढला तर ठिणगी लवकर पडते. कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे आणायचा, लाइट बंद ठेवून चावी लावायची, डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवत ॲमीटर बघायचा. पॉईंट जुळलेले असताना काटा वजाकडे झुकतो. उघडले त्या क्षणी मध्यावर येतो. तीच जागा. माझा भरवसा कानापेक्षा या काट्यावर अधिक आहे.

कार्बोरेटर बदलायला गाडी देताना मिस्त्रीला एवढंच सांगा: डिस्ट्रिब्युटरला हात लावण्याआधी त्याच्या बॉडीवर खूण करून ठेवा.